निवांत पिण्यासाठी टकिला घेताय? बाटलीचं मागचं लेबल आधी वाचा

तुमचा प्रश्न असा: भाऊ डिसेंबरात ह्यूस्टनहून येतोय, दीडशे डॉलरपर्यंत खर्चाची तयारी आहे, सवय सिंगल माल्ट व्हिस्कीची आहे, आणि डॉन हुलिओ १९४२, क्लासे असुल रेपोसादो आणि पात्रोन सिल्व्हर यांपैकी कुठली मागवावी.

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. तिन्ही राहू द्या. तेवढ्याच पैशात सिएते लेग्वास या टकिलाच्या दोन बाटल्या मागवा, एक ब्लांको, म्हणजे न मुरवलेली, आणि एक रेपोसादो, म्हणजे लाकडी पिंपात थोडी मुरवलेली. अमेरिकेत राज्याराज्यांत भाव वेगळे असतात, पण दोन्ही मिळून साधारण तुमच्या बजेटात बसतात. भारतात येताना माणशी दोन लिटर मद्य ड्यूटीशिवाय आणता येतं, त्यामुळे साडेसातशे मिलीच्या दोन बाटल्यांना विमानतळावर काही अडचण नाही.

आता कारणं. माल्ट पिणाऱ्या माणसाच्या डोक्यात एक हिशोब पक्का बसलेला असतो: बारा वर्षांपेक्षा अठरा वर्षं भारी, अठरापेक्षा पंचवीस. तोच हिशोब लावून तो टकिलाच्या दुकानात शिरतो आणि सरळ अन्येहो किंवा एक्स्ट्रा अन्येहोच्या, म्हणजे जास्त मुरवलेल्या टकिलांच्या, कपाटापाशी जातो. इथेच पैसे चुकीच्या जागी जातात. बार्ली एका हंगामात पिकते, त्यामुळे व्हिस्कीला चव यायला लाकडात मुरावंच लागतं. टकिला ज्या वनस्पतीपासून बनते तो निळा आगावे मात्र शेतात सहा-सात वर्षं उभा असतो, कधी त्याहून जास्त. एवढ्या वर्षांत त्याच्या गाभ्यात, ज्याला तिकडे पिन्या म्हणतात, जे काही साठतं तेच टकिलाचं खरं भांडवल. लाकूड त्याला जोड देऊ शकतं, पण फार झालं तर आगावेच झाकून टाकतं. त्यात टकिलाच्या घरचं, मेक्सिकोतल्या हालिस्को राज्याचं हवामान स्कॉटलंडपेक्षा कितीतरी उष्ण, त्यामुळे पिंप तिथे वेगानं काम करतं. नियमानं रेपोसादोला किमान दोन महिने, अन्येहोला एक वर्ष, एक्स्ट्रा अन्येहोला तीन वर्षं पुरतात. हा शेवटचा वर्ग तर २००६ मध्ये आला. चार वर्षांची टकिला ही चार वर्षांच्या माल्टसारखी कोवळी नसते, उलट बऱ्याचदा लाकडानं जड झालेली असते.

म्हणून माझा आग्रह असतो की कुठल्याही डिस्टिलरीची पारख तिच्या ब्लांकोवरून करा. ब्लांकोत लपायला जागा नाही. आगावे कच्चा तोडलेला असेल, घाईत शिजवला असेल, आंबवण घाईत उरकलं असेल, तर पहिल्या घोटाला कळतं.

बाटली हातात घेतली की दोनच गोष्टी बघायच्या. पहिली, त्यावर ‘१०० टक्के आगावे’ लिहिलंय का. ते नसेल तर ती मिश्र टकिला. नियमाप्रमाणे तिच्यातली निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे किमान ५१ टक्के साखर आगावेची असली की पुरे, बाकीची उसाची किंवा आगावे सोडून दुसरी कुठलीही चालते. कॉलेजात मीठ चाटून, लिंबू चोखून घशाखाली ढकललेली आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरायला लावणारी टकिला बहुतेकदा हीच. ‘गोल्ड’ हा शब्द बघून फसू नका. मिश्र टकिलात तो रंग कॅरॅमलचा असतो.

दुसरी गोष्ट, ‘नॉम’ म्हणून छापलेला चार आकडी क्रमांक. हा ब्रँडचा नसून डिस्टिलरीचा असतो, आणि ग्राहकाच्या हातात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. सिएते लेग्वासचा ११२०, फोर्तालेसाचा १४९३, एल तेसोरोचा ११३९, कास्काविनचा ११२३. टकिला मॅचमेकर नावाच्या ॲपवर हा आकडा टाकला की तिथे आणखी कुठले ब्रँड बनतात, आगावे कशात शिजतो, कसा पिळतात, सगळं समोर येतं. चाळीस डॉलरची अनोळखी बाटली आणि नटाच्या किंवा गायकाच्या नावावर विकली जाणारी शंभर डॉलरची बाटली एकाच डिस्टिलरीतून निघालेली सापडते, तेव्हा आपण कशाचे पैसे देतोय ते लख्ख कळतं. याउलट ज्या नॉमवर एक-दोनच नावं आहेत, तिथे बहुधा कुणीतरी स्वतःच्या नावाची काळजी घेत बसलेलं असतं.

शिजवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण चव ठरते ती इथे. आगावेतली साखर मुळात गुंतलेल्या रूपात असते, ती आंबत नाही. उष्णता दिली की ती सुटी होते. जुनी पद्धत म्हणजे विटांची भट्टी, त्यात पिन्या वाफेवर दोन-तीन दिवस शिजतात. मधली पद्धत ऑटोक्लेव्ह, म्हणजे मोठा प्रेशर कुकरच, काही तासांत काम होतं. नीट चालवला तर त्यातूनही उत्तम टकिला निघते, त्याला कमी लेखू नका. तिसरी पद्धत डिफ्यूझर. त्यात कच्चा आगावे किसून गरम पाण्याच्या माऱ्यानं धुऊन काढतात आणि उष्णता नंतर त्या रसाला देतात. आगावेचा दाणा न् दाणा वसूल होतो, पण भट्टीत शिजलेल्या गाभ्याचा तो खमंगपणा कुठून यायचा? डिफ्यूझरची टकिला कॉकटेलमध्ये चालून जाते. नुसती प्यायला मी ती कुणाला सुचवणार नाही.

पिळण्याच्या बाबतीत ताओना हा शब्द कानावर पडेल. ज्वालामुखीच्या दगडाचं भलंमोठं चाक, गोल खड्ड्यात फिरणारं. त्यानं शिजलेला आगावे चिरडला जातो आणि तंतू रसासोबत राहतात. रोलरनं रस स्वच्छ निघतो, टकिला जास्त सुटसुटीत, मिरमिरीत लागते. ताओनाची भरदार, किंचित तेलकट, मातकट. यात श्रेष्ठ-कनिष्ठ नाही. फरक जिभेवर बघायचा असेल तर कधीतरी तापातिओ ब्लांको आणि एल तेसोरो ब्लांको शेजारी ठेवून प्या. दोन्ही आरान्दासजवळच्या ला आल्तेन्या डिस्टिलरीच्या, कामारेना कुटुंबाच्या हातच्या. तापातिओ रोलरची, एल तेसोरो ताओनाची. टकिला शिकायची तर यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

सिएते लेग्वासचं नाव मी पहिलं घेतलं त्यालाही हेच कारण. आतोतोनिल्को एल आल्तो गावात त्यांच्या दोन डिस्टिलऱ्या आहेत, एकीत ताओना, दुसरीत रोलर, आणि दोन्हींचं मिश्रण करून बाटली भरतात. तुमच्या यादीतली पात्रोन सुरुवातीची बरीच वर्षं इथेच बनायची. पुढे पात्रोननं त्याच भागात स्वतःची डिस्टिलरी उभारली. ब्लांको नाकाशी धरलीत की आधी शिजलेला आगावे येतो, चुलीत भाजलेलं रताळं सोलताना सुटतो तसा गोडसर धुरकट वास, मग लिंबाची साल, मागून काळी मिरी. घोट घेतल्यावर गोडवा लगेच मावळतो आणि मिरी बराच वेळ रेंगाळते. रेपोसादोत तेच सगळं असतं, फक्त कडा मऊ झालेल्या आणि लाकडाचा अंदाज. दोन्ही एका बैठकीत प्यायलात की पिंपानं काय दिलं आणि काय नेलं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आता तुमच्या तिन्ही बाटल्यांबद्दल माझं प्रामाणिक मत. पात्रोन सिल्व्हर स्वच्छ, नीट बनवलेली टकिला आहे आणि तिच्याबद्दल तक्रारीला जागा नाही. भारतात सहज मिळते म्हणूनच ती अमेरिकेहून मागवण्यात अर्थ नाही. क्लासे असुलची हातानं रंगवलेली सिरॅमिकची बाटली खरोखर सुंदर आहे, आणि तुम्ही देता त्यातले बरेच पैसे तिचे आहेत. आतला ऐवज मला फार गोड लागतो, व्हॅनिला इतका की आगावे शोधावा लागतो. १९४२ बद्दलही जवळपास तेच: मऊ, कॅरॅमल, व्हॅनिला, पाहुण्यांना पहिल्या घोटात आवडेल अशी. पण एकदा भट्टीतल्या आगावेची गोडी लागली की तिच्याकडे परत वळावंसं वाटत नाही. लग्नात भेट द्यायची असेल तर दोन्ही शोभतात. तुम्हाला प्यायची आहे, म्हणून नको म्हणतो.

गोडव्याचा विषय निघालाच आहे तर हेही माहीत असू द्या. मुरवलेल्या टकिलात कॅरॅमलचा रंग, ओकचा अर्क, ग्लिसरिन आणि साखरेचा पाक हे एकूण वजनाच्या एक टक्क्याच्या आत घातले तर लेबलवर सांगावं लागत नाही, ‘१०० टक्के आगावे’ लिहिलेलं असलं तरी. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण असे अर्क थेंबांत काम करतात. कोण घालतं, कोण नाही, हे बाहेरून ठरवणं कठीण, आणि आम्ही काही घालत नाही असं बाटलीवर छापण्यावरून मेक्सिकोत वादही झाले आहेत. म्हणून मी कुणावर बोट ठेवत नाही. एक साधी परीक्षा मात्र करतो: दोन थेंब तळहातावर घेऊन हात चोळायचे. दारू उडून गेल्यावर शिजलेल्या आगावेचा वास राहिला तर उत्तम. केकच्या दुकानात शिरल्यासारखा वास आला किंवा हात चिकट झाले तर मी दुसरी बाटली बघतो. ही काही प्रयोगशाळा नव्हे, पण नाक फसत नाही.

सिएते लेग्वास न मिळाल्यास भावाला ही नावं पाठवून ठेवा: जी-फोर, तापातिओ, एल तेसोरो, कास्काविन, आरेत्ते. यांतली आरेत्ते स्वस्तातली आहे आणि त्या भावात तिच्याइतकी सच्ची ब्लांको विरळा. फोर्तालेसा मुद्दाम शेवटी लिहितोय. गियेर्मो एरिक्सन साउसा यांनी टकिला गावातली घराण्याची जुनी छोटी डिस्टिलरी पुन्हा सुरू केली आणि तिथून येणारी ब्लांको अप्रतिम आहे, लोणी आणि खारवलेल्या ऑलिव्हची आठवण देणारी. पण मागणी इतकी वाढली आहे की दुकानदार मनाला येईल तो भाव लावतात. मूळ भावात दिसली तर डोळे मिटून घ्या, दुप्पट भावात असेल तर सोडून द्या.

डोंगराळ भाग की खोरं, हाही प्रश्न कुणीतरी विचारेलच. लोस आल्तोस, म्हणजे हालिस्कोच्या डोंगराळ भागाच्या लाल मातीतली टकिला फळांकडे, फुलांकडे झुकते आणि टकिला गावाभोवतीच्या खोऱ्यातली मिरी, पाला, मातीकडे, असं म्हणतात. ढोबळमानानं ठीक आहे. पण कारखाने आगावे एकीकडून दुसरीकडे नेतात, तेव्हा यावर विसंबून पैसे घालू नका.

गोव्याला जाणं होत असेल तर तिथे आपल्याकडचे प्रयत्नही चाखून बघा. आपल्या बांधावर उगवणारी घायपात ही आगावेच्याच कुळातली. डेस्मंड नाझरेथ यांनी दख्खनच्या पठारावरच्या आगावेपासून डेस्मंडजी बनवून दाखवली, पुढे पिस्तोलासारखी नावंही आली. मेक्सिकोतल्या ठरलेल्या प्रदेशांबाहेर बनलेल्या मद्याला टकिला म्हणता येत नाही, म्हणून यांच्यावर ‘आगावे स्पिरिट’ असं लिहिलेलं असतं. वनस्पतीची जात वेगळी, त्यामुळे चवही वेगळी, जास्त रानवट. टकिलाशी तुलना न करता प्यायलात तर मजा येईल.

पिण्याची रीत सोपी आहे. मीठ-लिंबू दूर, फ्रीजही दूर. गार केली की वास मिटतो. तुमच्याकडे माल्टचा ट्यूलिपसारखा ग्लास असेलच, तो किंवा वाइनचा लहान ग्लास घ्या. तीस मिली ओता आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. हुंगताना तोंड किंचित उघडं ठेवलं की अल्कोहोलचा झटका लागत नाही. पहिला घोट फक्त जीभ सरावण्यासाठी, त्यावरून मत बनवू नका. माल्टमध्ये घालता तसे पाण्याचे दोन-चार थेंब चाळीस टक्क्यांच्या टकिलात घालू नका, ती लगेच पातळ पडते. सेहेचाळीस किंवा त्याहून कडक बाटली असेल तर घालून बघा. मेक्सिकोत सोबतीला सांग्रिता देतात, संत्र्याचा आणि लिंबाचा रस, त्यात तिखट. ती टकिलात न मिसळता शेजारच्या ग्लासात ठेवून आलटून पालटून प्यायची. चखण्याला खारे दाणे, वर लिंबू आणि लाल तिखट. तिथेही हेच खातात.

बाटली फोडल्यावर ब्लांकोचा वास रेपोसादोपेक्षा लवकर उतरतो, म्हणून आधी ती संपवा. बाटली उभी ठेवा, आडवी नको. कडक दारूनं बूच कुरतडलं जातं. आणि अर्ध्याच्या खाली आली की उरलेली लहान काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून घट्ट बंद करा.