तोसाच्या यामाउची योदोनं शोगुनला सत्ता सोडायला का सांगितलं?

तुमचा प्रश्न असा आहे: जपानातल्या तोसा संस्थानाचं यामाउची घराणं टोकुगावांच्या, म्हणजे शोगुन (लष्करी शासक) घराण्याच्या उपकारातलं, मग योदोनं १८६७ मध्ये शोगुनलाच सत्ता सोडायचा सल्ला का दिला? माझ्या मते ते शोगुनला वाचवण्यासाठीच होतं.

सेकिगाहाराच्या लढाईनंतर टोकुगावा सत्तेचा संस्थापक इएयासूनं यामाउचींना तोसा दिलं, त्यामुळे टोकुगावांवर तलवार उपसणं योदोला पटणारं नव्हतं. पण शोगुनशाही आता टिकत नाही, हेही त्याला दिसत होतं. (कागदोपत्री तो १८५९ पासून निवृत्त. पुढचा शोगुन कोण या वादात योशिनोबूची (१८६७ चा शोगुन हाच) बाजू घेतली म्हणून शोगुनशाहीचा मुख्य मंत्री ई नाओसुकेनं गादी सोडायला लावली. तरी नंतर तोसाची सूत्रं त्याच्याच हाती आली.)

तोसाचाच सामुराई साकामोतो र्योमा याच्याशी बोलून योदोचा कारभारी गोतो शोजिरोनं आणलेली योजना त्याला म्हणूनच सोयीची वाटली. शोगुननं सत्ता सम्राटाकडे सोपवायची, सम्राटाच्या राजधानीत, क्योतोत, दोन सभागृहं भरवायची आणि सरदारांच्या संमतीनं कारभार चालवायचा. यातली मेख अशी की योशिनोबूनं पद सोडलं तरी त्याच्या जमिनी शाबूत राहणार, म्हणजे त्या सभेतला सगळ्यात वजनदार माणूस तोच. ऑक्टोबरच्या शेवटी अर्ज गेला, ९ नोव्हेंबरला योशिनोबूनं सत्ता परत करायची तयारी कळवली.

गोची झाली ती फौजेपाशी. सात्सुमा या दुसऱ्या बलाढ्य संस्थानाशी आधी झालेल्या करारात तोसाची फौज क्योतोला आणायचं ठरलं होतं. योदोनं गोतोला रिकाम्या हातानं पाठवलं, कारण फौज दिसली की अर्ज धमकी वाटेल. मुद्दा बरोबर होता, पण तोवर सात्सुमा आणि त्याचं मित्रसंस्थान चोशू यांची शोगुनशाहीविरुद्ध लढाईची तयारी सुरू झाली होती.

३ जानेवारी १८६८ ला सात्सुमाच्या पुढाकारानं राजवाड्याची दारं ताब्यात घेऊन राजसत्तेची पुनःस्थापना जाहीर झाली. त्याच रात्रीच्या बैठकीत योशिनोबूला बोलावलंच नव्हतं. योदो उसळून म्हणाला की काही दरबारी कोवळ्या सम्राटाला पुढे करून सत्ता बळकावताहेत. सम्राट पंधरा वर्षांचा! दरबारी इवाकुरानं नेमका ‘कोवळा’ हाच शब्द पकडला, हा सम्राटाचा अवमान आहे म्हणून. योदोला माघार घ्यावी लागली. बाहेर सात्सुमाचा सेनानी साइगोनं ‘एक खंजीर पुरेल’ असं म्हटल्याची कथा सांगतात. खरी असो वा नसो, सैन्य कोणाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

महिनाअखेरीस क्योतोजवळ तोबा-फुशिमीला टोकुगावांची फौज आणि सात्सुमा-चोशू यांच्यात लढाई जुंपली. योदोनं आपल्या माणसांना हा सात्सुमा-चोशूचा खासगी झगडा आहे, पडू नका, असं बजावलं होतं. तोसाच्या काही तुकड्या तरीही उतरल्या. पुढे इतागाकी ताइसुकेनं तोसाची फौज टोकुगावांच्या बाजूच्या आइझू संस्थानापर्यंत नेली.