फडावर प्रश्नावली घेऊन जाण्याआधी

पहिल्यांदाच संशोधन करतोयस म्हणून सांगते. 'नुसती प्रश्नावली तर आहे, सुई थोडीच टोचायचीय' असं म्हणून थेट सांगलीजवळच्या उसाच्या फडावर जाऊ नकोस. प्रश्न विचारणं हेही माणसांवरचं संशोधनच. एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात सहभागी माणसांचं हित जपलं जातंय ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी पहिला फॉर्म भरण्याआधी लागते, मागाहून मिळत नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्वतः वाच, सीनियरच्या प्रोटोकॉलमधून, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यातून, उतरवू नकोस.

खरी अडचण संमतीची. माझ्या पहिल्या अभ्यासात मुकादमानं ऊसतोडीच्या बायकांना ओळीनं बसवलं, भराभर अंगठे उमटले. मग एकीनं हळूच विचारलं, "नाही म्हटलं तर पैसे कापतील का?" ते सगळे फॉर्म मी बाद केले आणि गाईडला तसं सांगितलं. अजून तो प्रश्न कानात आहे. मुकादमाची परवानगी म्हणजे त्या बाईची संमती नव्हे. त्याला लांब थांबव. संध्याकाळी कोपीवर, त्यांच्या झोपडीवर, जा, माहितीपत्रक सावकाश वाचून दाखव, नाही म्हणायला वाव दे. वाचता न येणाऱ्यांचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार हवा. मुकादम नको, तुझा बॅचमेटही नको. सोबतची मुलं अभ्यासात घेणार असशील तर पालकांच्या संमतीबरोबरच ७ ते १२ वयाच्या मुलांची तोंडी आणि त्यापुढच्यांची लेखी मान्यता लागते.

नाव, मोबाईल नंबर प्रश्नावलीवर नको. त्याऐवजी कोड घाल; कुठला कोड कुणाचा ही यादी वेगळी, कुलपात. आणि कुणाचं बीपी फार वाढलेलं दिसलं तर आकडा टिपून उठू नकोस. त्यांना कुठे पाठवायचं, कोण नेणार, हे प्रोटोकॉलमध्येच लिहून ठेव.