मेनफ्रेममधलं फाईल ट्रान्स्फर मध्येच थांबतं, एररही येत नाही. कुठून शोधायला सुरुवात करू?

तुम्ही लिहिलंय की लॉगिन होतं, छोटी कंट्रोल फाईल व्यवस्थित जाते, पण मोठी फाईल सुरू होऊन थोड्या वेळात जागच्या जागी अडकते. अबेंड (जॉब अचानक बंद पडणं) नाही, मेसेज नाही. जॉब कॅन्सल करून पुन्हा लावला तरी परत तेच. मी मुंबईत सतरा वर्षं झेड-ओएसवर, म्हणजे आयबीएम मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, सिस्टीम प्रोग्रामिंग करतेय, म्हणून आधी कळकळीची विनंती: पुढच्या वेळी कॅन्सल करायच्या आधी पाच मिनिटं थांबा. अडकलेलं कनेक्शन हाच तुमचा पुरावा आहे. ते मारलं की हातात काहीच उरत नाही.

त्या पाच मिनिटांत दोन्ही बाजूंना त्या कनेक्शनचा नेटस्टॅट ऑल (कनेक्शनची सविस्तर स्थिती दाखवणारी कमांड) घ्या आणि दोन मिनिटांनी पुन्हा घ्या. कोण कोणासाठी थांबलंय, एवढंच त्यात बघायचं.

घेणाऱ्या बाजूच्या रिसीव्ह क्यूमध्ये (आलेल्या डेटाच्या रांगेत) बाइट साठलेत आणि हलत नाहीत, याचा अर्थ डेटा पोचलाय पण तिथला प्रोग्राम तो उचलत नाही. मग नेटवर्कवाल्यांना उठवू नका, त्या बाजूचा कन्सोल बघा. उत्तर न दिलेला एखादा मेसेज असेल, टेप माउंट व्हायची असेल, डेटासेट (मेनफ्रेमवरची फाईल) दुसऱ्या जॉबने धरून ठेवला असेल, नाहीतर एचएसएमने (न वापरलेल्या फाईली हलवणाऱ्या सॉफ्टवेअरने) टेपवर टाकलेला डेटासेट रिकॉल, म्हणजे डिस्कवर परत, होत असेल.

तुमच्या वर्णनावरून मात्र मला दुसरी शक्यता दिसते. पाठवणाऱ्याचा सेंड क्यू (पाठवायच्या डेटाची रांग) भरलेला, समोरचा रिसीव्ह क्यू रिकामा, आणि दोन वेळच्या आउटपुटमध्ये रीट्रान्समिट काउंट (पुन्हा पाठवण्याचा आकडा) वाढलेला. म्हणजे पॅकेट वाटेतच नाहीशी होताहेत. छोटी जातात आणि मोठी जात नाहीत, तेव्हा संशय एमटीयूवर, म्हणजे वाटेत चालणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकारावर, घ्यायचा.

आमच्याकडे हे झालं तेव्हा मी अंधेरीच्या डेटा सेंटरमध्ये नाइट शिफ्टला होते. हैदराबादच्या डीआर साइटची (आपत्तीसाठीच्या पर्यायी केंद्राची) लिंक त्याच आठवड्यात आयपीसेक टनेलवर (डेटा एन्क्रिप्ट करून नेणाऱ्या जोडणीवर) हलवली होती. रात्री दीडला बॅचची मोठी फाईल अडकली. नेटवर्कचा मुलगा फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होता, ‘मॅडम, पिंग तर होतोय.’ त्याचं खोटं नव्हतं. पिंग म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतंय का, हे बघणारं चाचणीचं पॅकेट. झेड-ओएसचा पिंग सांगितल्याशिवाय २५६ बाइटांचाच जातो, आणि तेवढं पॅकेट कुठूनही निघतं. मी लेंग्थ १४७२ दिली आणि पीएमटीयू यस लावलं, म्हणजे वाटेत पॅकेटचे तुकडे होऊ नयेत. त्यात आयसीएमपी (नेटवर्कचे निरोप नेणारा प्रोटोकॉल, पिंगही त्यावरच चालतो) आणि आयपीचे हेडर मिळून २८ बाइट धरले की बरोबर १५०० होतात. उत्तर आलं नाही. मग आकडा कमी करत गेले. १३९५ ला शांतता, १३९४ ला लगेच उत्तर. नेटस्टॅटमध्ये मॅक्झिमम सेगमेंट साइज (एमएसएस, एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) मात्र १४६० च होती. टनेलने प्रत्येक पॅकेटमध्ये स्वतःची भर घातली होती आणि आमच्या दोन्ही एलपारना (मेनफ्रेमच्या स्वतंत्र विभागांना) त्याचा पत्ता नव्हता.

पत्ता लागायची सोय १९९० च्या आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजातच आहे. पॅकेटवर ‘तुकडे करू नका’ असा बिट असतो. ते मावलं नाही तर राउटर ते टाकून देतो आणि आयसीएमपीने कळवतो की इथे एवढाच आकार चालेल. आमच्या स्टॅकमध्ये (नेटवर्क सॉफ्टवेअरमध्ये) ही सोय, पाथ एमटीयू डिस्कव्हरी, चालू होती, म्हणून तो बिट लागत होता. पण मधल्या फायरवॉलने सुरक्षेच्या नावाखाली सगळंच आयसीएमपी बंद केलं होतं. निरोपच अडवला तर पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसणार. ही सरसकट बंदी मला आजही चुकीचीच वाटते. निदान ‘फ्रॅगमेंटेशन नीडेड’ हा एक प्रकार तरी सोडायलाच हवा. आम्ही तो सोडायला लावला, शिवाय टनेलच्या राउटरवर एमएसएस १३६० ला बांधला. एमएसएस कनेक्शन जुळतानाच ठरतो, त्यामुळे आधीपासून अडकलेला जॉब या बदलाने सुटत नाही. तो नव्याने लावावाच लागतो.

तिसरा प्रकार थोडक्यात सांगते. दोन्ही क्यू रिकामे, कनेक्शन एस्टॅब्लिश्ड, फाईल पूर्ण पोचलेली, तरी जॉब संपत नाही. मोठ्या ट्रान्स्फरमध्ये एफटीपीचं (फाईल पाठवणाऱ्या प्रोटोकॉलचं) कंट्रोल कनेक्शन, म्हणजे डेटापासून वेगळं, फक्त आज्ञा आणि उत्तरं नेणारं कनेक्शन, तासभर गप्प असतं, आणि फायरवॉल ते निकामी समजून आपल्या टेबलमधून काढून टाकतो. टीसीपीचा नेहमीचा कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत असल्याचा इशारा) दोन तासांनी जातो, तोवर उशीर झालेला असतो. एफटीपी डॉट डेटा या सेटिंगच्या फाईलमध्ये एफटीपीकीपअलाइव्ह फायरवॉलच्या वेळेपेक्षा बराच कमी ठेवा. तो सेकंदांत द्यायचा असतो आणि न दिल्यास बंदच राहतो.

आता तुमच्या रीरनबद्दल, कारण याचीच मला जास्त काळजी वाटते. ट्रान्स्फर मध्येच तुटलं तरी झेड-ओएसचा एफटीपी नवा डेटासेट मूळ सेटिंगप्रमाणे कॅटलॉग करून (यादीत नोंदवून) ठेवतो. पुढचा जॉब नुसता डेटासेट आहे की नाही एवढंच बघत असेल, तर तो अर्धी फाईल पूर्ण समजून चालवेल. त्यामुळे आज रात्रीच्या बॅचआधी कॉन्डडिस्प या सेटिंगची किंमत ‘डिलीट’ ठेवा, म्हणजे अर्धवट डेटासेट पुसला जाईल, आणि कालपासून कॅन्सल केलेल्या प्रत्येक जॉबचा समोरचा डेटासेट उघडून ट्रेलर रेकॉर्ड (फाईलच्या शेवटची नोंद) आहे का ते स्वतः बघा. नेटस्टॅटचे दोन्ही बाजूंचे आकडे आयपी झाकून इथे टाकलेत तर मी नक्की बघेन.