शेअरचा डिव्हिडंड यील्ड १४% दिसतोय, वडिलांची एफडी मोडून घ्यावा का?

नका मोडू. निदान त्या १४ टक्क्यांकडे बघून तरी अजिबात नको.

तुम्ही लिहिलंय की वडील रिटायर झालेत, डोंबिवलीच्या बँकेत एफडीवर ७ टक्के मिळतात आणि अ‍ॅपवर एका मेटल कंपनीचा यील्ड त्याच्या दुप्पट दिसतोय. एफडीचा दर बँकेने पुढच्या मुदतीसाठी कबूल केलेला असतो. यील्ड म्हणजे गेल्या वर्षभरात मिळालेला लाभांश भागिले आजचा भाव. पुढच्या वर्षी काय मिळेल याची त्यात कसलीच हमी नाही. शेअर २०० रुपयांना आणि लाभांश १४ रुपये, तेव्हा यील्ड ७%. धंदा बिघडल्याची बातमी आली, भाव १०० वर आपटला, की अ‍ॅपवर लगेच १४% झळकतात. कंपनीने एक पैसा जास्त दिलेला नसतो आणि पुढचा लाभांश कमी होण्याची शक्यता मात्र वाढलेली असते.

मेटलमध्ये तर हे फार जपून बघावं लागतं, कारण नफा जागतिक भावांवर हलतो. वेदांताने २०२२-२३ मध्ये पाच अंतरिम (वर्ष संपण्याआधीच जाहीर केलेले) लाभांश मिळून शेअरमागे १०१.५० रुपये दिले. मार्च २०२३ मध्ये भाव तीनशेच्या आसपास होता, म्हणजे यील्ड तीस टक्क्यांच्या वर. २०२३-२४ मध्ये मिळाले २९.५० रुपये. रक्कम वाईट नाही, पण तीस टक्के धरून कोणी घरखर्च बसवला असेल त्याचं काय झालं असेल!

म्हणून टक्के सोडा, रुपये बघा. गेल्या सात-आठ वर्षांत शेअरमागे किती रुपये लाभांश दिला ते लिहा आणि शेजारी त्या त्या वर्षाचा ईपीएस, म्हणजे शेअरमागे कंपनीची कमाई, लिहा. कमाई २० आणि वाटप २२ असेल, तर वरचे दोन रुपये साठ्यातून किंवा कर्जातून आलेत. जमीन किंवा एखादा विभाग विकून दिलेला विशेष लाभांश असेल तर तो वजा करा. आणि '२०००% लाभांश' अशा मथळ्याला भुलू नका, ते टक्के बाजारभावावर नाही, शेअरवर छापलेल्या दर्शनी किमतीवर (फेस व्हॅल्यू) असतात. १ रुपया दर्शनी किमतीच्या शेअरवर २०००% म्हणजे २० रुपये.

एक्स-डेट म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला जाहीर झालेला लाभांश मिळत नाही तो दिवस. त्याच्या आदल्या दिवशी शेअर घेऊन लाभांश पदरात पाडायचा विचार असेल, तर तोही सोडा. एक्स-डेटच्या सकाळी भाव साधारण तेवढाच उतरतो, वर लाभांशावर कर लागतो. एप्रिल २०२० पासून तो आपल्या स्लॅबप्रमाणे लागतो, अगदी एफडीच्या व्याजासारखाच.

वडिलांना नियमित पैसे हवे असतील तर आधी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. शेअर घ्यायचेच तर घरखर्चाला न लागणाऱ्या पैशातून, आणि सगळे एका कंपनीत नकोत.

त्यांच्या नावावर जुने पाच-सहा शेअर आहेत असंही तुम्ही म्हणता. मला विचाराल तर खरं काम तिथे आहे. माझ्या आईचे शेअर मी सांभाळते. एजीएमचा, म्हणजे कंपन्यांच्या वार्षिक सभांचा, हंगाम संपला की पार्ल्याच्या शाखेत पासबुक छापून आणायचं आणि 'एसीएच' लिहिलेल्या, पुढे कंपनीचं नाव अर्धवट छापलेल्या ओळींवर, म्हणजे खात्यात जमा झालेल्या लाभांशांवर, पेन्सिलीने खूण करायची. ज्या कंपनीची ओळ नाही, तिच्याकडे बहुधा जुना बँक खाते क्रमांक असतो. वडिलांचंही हे तपासा. न घेतलेल्या लाभांशाची यादी कंपनीच्या वेबसाइटवर असते. सलग सात वर्षं घेतला नाही तर त्या रकमेबरोबर शेअरसुद्धा आयईपीएफकडे, म्हणजे सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, जातात. गेलेच असतील तर आयईपीएफ-५ फॉर्म भरून दोन्ही परत मागता येतात. वेळ लागतो, कागद बरेच लागतात, पण ते पैसे वडिलांचेच आहेत.