"मॅडम, मग मी कशाला अभ्यास केला?"

दहावीच्या निकालानंतरच्या आठवड्यात एक आई मुलीला घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आली. मुलगी पाठीवरची सॅक न काढताच खुर्चीच्या कडेला बसली. आई म्हणाली, "निकालापासून धड जेवण नाही, झोप नाही. अठ्ठ्याऐंशी टक्के काय कमी आहेत का? पण हिचं सारखं एकच, माझा पेपर नीट तपासलाच नाही." मुलीला इथे मनू म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मनूने सॅकमधून बीजगणित आणि भूमितीच्या प्रश्नपत्रिका काढल्या. घड्यांवर विरलेल्या. प्रत्येक प्रश्नाशेजारी पेन्सिलने गुण मांडलेले, खाली बेरीज. तिच्या हिशोबाने गणितात १०० पैकी ९४ यायला हवे होते. आले ८३.

"पेपर नीट तपासतात का हो?" हा प्रश्न घेऊन दर वर्षी निकालानंतर कुणी ना कुणी येतंच. उत्तरपत्रिका मागवता येत असताना नुसतं "विश्वास ठेव" कशाला सांगायचं? आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहणं हा माहिती अधिकाराखालचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं. राज्य मंडळाकडे नुसत्या गुणपडताळणीला विषयामागे ५० रुपये लागतात, उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीला ४०० आणि पुनर्मूल्यांकनाला, म्हणजे उत्तरं पुन्हा तपासून घ्यायला, ३००. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच बघतात. पुष्कळ पालक घाईत तेवढाच अर्ज करतात आणि "रिचेकिंगमध्ये काही झालं नाही" म्हणून खचतात. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. म्हणून मी छायाप्रतच मागवायला सांगते.

मनूची छायाप्रत आली तेव्हा तिच्या ओळखीच्या गणिताच्या बाई आमच्यासोबत बसल्या. रचनेच्या प्रश्नात मनूने वर्तुळाला स्पर्शिका काढली होती, अगदी सुबक. पण आकृती स्वच्छ दिसावी म्हणून कंपासचे कंस खोडरबराने पुसले होते. बाईंनी विचारलं, "कंसच नाहीत, मग रचना केलीस हे कळायचं कसं गं?" सिद्धतेत विधानं बरोबर होती, पण त्यांच्यापुढची कारणं दोन ठिकाणी राहिली होती. बीजगणितात एक वजाचं चिन्ह पुढच्या ओळीत गायब झालं होतं. एकेक गुण कुठे गेला ते मनू स्वतःच बोटाने दाखवत गेली. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा नाही, हेही तिनेच ठरवलं.

मला वाटलं, संपलं. आणि मग ती रडायला लागली.

"माझं कुठे चुकलं ते कळलं. पण माझ्या मागे चिठ्ठी बघून उतरवलं, त्याचं काय? मी सरांना सांगितलं, तर म्हणाले, तू तुझं लिही. घरी सांगितलं, तर बाबा म्हणाले, जगात असंच असतं. मॅडम, मग मी कशाला अभ्यास केला?"

तीन महिने हे तिच्या पोटात होतं. निकालावरचा राग त्यातूनच आला होता. पालकांनो, "जगात असंच असतं" हे वाक्य कृपा करून बोलू नका. मूल खरं तेच सांगत असतं आणि आपण त्याला गप्प करतो.

कॉपीविरुद्ध कायदा नाही असं नाही, १९८२ पासून आहे. २०२३ पासून प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी देणं बंद करून ती दहा मिनिटं शेवटी वाढवली, कारण पेपर मोबाइलवर फिरायचे. भरारी पथकं असतात. पण पर्यवेक्षकाने तोंड फिरवलं की त्या खोलीपुरता कायदा संपतो, याची मला फार चीड येते. मनूला मी खोटा दिलासा दिला नाही. दुसऱ्याच्या चिठ्ठीमुळे तुझ्या उत्तरपत्रिकेतला एकही गुण कमी होत नाही, पण अकरावीच्या गुणवत्ता यादीत ते गुण तुझ्या पुढे उभे राहू शकतात, दोन्ही सांगितलं.

मुलांना खरं मोजमाप हवं असतं. २०२१ मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला ९९.९५ टक्के. त्या वर्षीची पोरं माझ्याकडे येऊन म्हणायची, "आमचे मार्क खरे आहेत असं कुणाला वाटतच नाही." पास होऊनही ती दुखावलेली होती.

मनूला मी कागद दिला. म्हटलं, जे पाहिलंस तेवढंच लिही, शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवू. मुलांची नावं नकोत. खोली, विषय, वेळ पुरे. तिने पहिलं वाक्य लिहिलं, "आमच्या केंद्रावर सगळे कॉपी करत होते." थोडा वेळ त्याकडे बघत राहिली. मग "सगळे" खोडून वर लिहिलं, "माझ्या मागच्या दोन बाकांवरचे चौघे". "आमच्या केंद्रावर" खोडून खोली क्रमांक लिहिला. पत्र सव्वा पानाचं झालं.

आई तोवर बाहेर बसली होती. तिला आत बोलावलं. मनूने ते पत्र आईपुढे धरलं आणि म्हणाली, "बाबांनाही वाचायला देशील?"