पणजोबा १८८२ साली स्वीडनहून अमेरिकेला गेले, पण न्यूयॉर्कच्या प्रवासी यादीत सापडत नाहीत. कुठे शोधावं?

आधी स्वीडनमधल्या गोथेनबर्ग बंदराच्या पोलिसांनी ठेवलेल्या स्थलांतरितांच्या याद्या पाहा. १८६९ पासूनच्या या याद्यांत नाव, वय, निघाल्याची तारीख आणि मुख्य म्हणजे मूळ पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गावभाग) असते; अमेरिकेतल्या यादीत बहुधा नुसतं ‘स्वीडन’. तिथे नाव सापडत नाही, कारण बहुतेक जण गोथेनबर्गहून बोटीने इंग्लंडमधल्या हल बंदराला, मग रेल्वेने लिव्हरपूलला आणि तिथून दुसऱ्या जहाजाने पुढे जात. म्हणजे न्यूयॉर्कला निघण्याचं बंदर लिव्हरपूल दिसेल, तारीख दोन-तीन आठवडे नंतरची.

आडनावावर भिस्त ठेवू नका. अँडरसन पोत्याने सापडतात, योहानचा जॉन होतो, ‘आंदेर्सदोत्तर’ (म्हणजे आंदेर्सची मुलगी) तिकडे मिस अँडरसन होते. पहिलं नाव, वय (एक-दोन वर्षं इकडेतिकडे धरून) आणि सोबतची माणसं जुळवा. पॅरिश कळली की तिथल्या चर्चने ठेवलेल्या, पॅरिश सोडून गेलेल्यांच्या वहीत खात्री करा. स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर ती फुकट पाहता येते.

मात्र दक्षिणेकडच्या स्कोनेतले लोक माल्मो किंवा कोपनहेगनमार्गे आणि नॉर्वेच्या सीमेजवळचे क्रिस्तियानियामार्गे (आताचं ऑस्लो) जात, त्यांच्यासाठी त्या बंदरांच्या याद्या चाळाव्या लागतील.