पायाच्या धमनीत आतून सोनोग्राफी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांना थोडं चाललं की पोटरीत गोळे येतात. मांडीच्या धमनीत ब्लॉक आहे. अँजिओग्राफी झाली आहे, तरी डॉक्टर अँजिओप्लास्टीच्या वेळी ‘आयव्हस’ (धमनीच्या आतून सोनोग्राफी) करू म्हणतात. एकाच गोष्टीसाठी दोन तपासण्या कशाला?

दोन्ही तपासण्या एकच गोष्ट बघत नाहीत. अँजिओग्राफीत डाय सोडून एक्स-रे घेतात, म्हणजे दिसते ती रक्त वाहण्याची पोकळी, आणि तीही एका बाजूने पडलेली सावली. भिंत दिसतच नाही. फटीसारखा चपटा झालेला मार्ग एका कोनातून ऐसपैस वाटतो, दुसऱ्यातून दोऱ्याएवढा.

शिवाय भिंतीत चरबीचा थर साठू लागला की धमनी आधी बाहेरच्या अंगाने फुगते. हृदयाच्या धमन्यांवरच्या १९८७ सालच्या प्रसिद्ध अभ्यासात दिसलं होतं, की थराने साधारण ४० टक्के जागा व्यापेपर्यंत आतली पोकळी फारशी अरुंद होत नाही. त्यामुळे अँजिओग्राफीत ‘चांगला’ वाटणारा भागही आतून आजारी असू शकतो, आणि नेमका त्याच भागावरून धमनी रुंद करणाऱ्या फुग्याचं माप ठरवलं जातं.

आयव्हसमध्ये टोकाशी सोनोग्राफीचा बारीक प्रोब असलेली लवचिक नळी, म्हणजे कॅथेटर, वायरवरून ब्लॉकच्या पलीकडे नेतात आणि हळूहळू मागे ओढतात. पडद्यावर धमनीचा गोल काप दिसतो : मध्ये कॅथेटरचं वर्तुळ, भोवती रवाळ करडं रक्त, मग आतला थर, त्याबाहेर स्नायूचा काळपट पट्टा आणि सर्वांत बाहेर उजळ आवरण. काळ्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या तशाच कडेपर्यंतचं अंतर म्हणजे धमनीचं मूळ माप.

अँजिओग्राफी पाहून नुसत्या नजरेने हे माप बहुधा कमी धरलं जातं. ५ मिलिमीटर आणि ६ मिलिमीटर यांत फार फरक वाटत नाही. पण क्षेत्रफळ काढा : १९.६ चौरस मिलिमीटर आणि २८.३ चौरस मिलिमीटर. ६ मिलिमीटरच्या धमनीत ५ चा फुगा वापरला, तर जवळजवळ एक तृतीयांश जागा पहिल्याच दिवशी सोडून दिली.

प्रश्न : मी कॅथलॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. आयव्हसचं चित्र कधी काळंकुट्ट येतं, कधी एका बाजूला ताणलेलं, आणि मापं दर वेळी वेगळी. कुठे चुकतं?

आधी कॅथेटर कोणता ते पाहा, कारण त्याचे दोन प्रकार आहेत आणि दोघांची दुखणी वेगळी. फिरत्या प्रकारात ध्वनिलहरी सोडणारा एकच स्फटिक मिनिटाला सुमारे १८०० फेरे घेतो. त्याच्या आवरणात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी चित्र अंधारतं किंवा विरतं; म्हणून आत नेण्यापूर्वी हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेल्या सलाईनने नीट फ्लश करा, आणि आत गेल्यावर चित्र गेलं तर कॅथेटर बाहेर काढूनच पुन्हा फ्लश करा. चित्राची एक बाजू ताणलेली, दुसरी चेपलेली दिसली, तर आतली फिरणारी तार कुठेतरी अडखळते आहे : तीव्र वळण, कॅथेटरला पडलेला पीळ, नाहीतर शीथचा (धमनीत शिरायच्या नळीचा) व्हॉल्व्ह जास्त आवळलेला. व्हॉल्व्ह सैल करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

दुसऱ्या प्रकारात टोकाभोवती ध्वनिलहरी सोडणारे ६४ स्थिर घटक असतात. फिरणारं काही नाही, त्यामुळे ताणलेलं चित्र नाही. पण कॅथेटरला लागून उजळ कडं उमटतं. ते यंत्रावरून वजा करायचं असतं, आणि तेही टोक मोठ्या, मोकळ्या धमनीत असताना. अरुंद जागेत वजा केलंत तर कॅथेटरला चिकटलेला खरा थरही पुसला जातो.

आता मापं. कॅथेटर धमनीत तिरका बसला की गोल काप लंबगोल होतो आणि माप फुगतं. अशा वेळी लहान व्यास धरा. रक्त संथ असलं की त्याचे ठिपके दाट होऊन थरासारखे दिसतात. थोडं सलाईन सोडा, पोकळी स्वच्छ काळी होते आणि फाटलेल्या थराची हलणारी झालरही उठून दिसते. पूर्ण बंद ब्लॉकच्या पलीकडची धमनी रक्ताअभावी आक्रसलेली असते. तिथलं पहिलं माप अंतिम मानू नका : लहान फुग्याने वाट मोकळी करा, रक्तदाब ठीक असेल तर डॉक्टर धमनीतून १०० ते २०० मायक्रोग्रॅम नायट्रोग्लिसरीन (धमनी सैल करणारं औषध) देतात, आणि मग पुन्हा मोजा.

ओढण्याचा वेग हा वेगळाच विषय. सेकंदाला १ मिलिमीटर या गतीने २० सेंटीमीटरला ३ मिनिटं २० सेकंद लागतात. हाताने ओढताना एवढा धीर क्वचितच असतो, आणि घाईत ओढून मिळालेल्या चित्रफितीवरून लांबी काढली की स्टेंट आखूड पडतो. पायाखाली एक्स-रेत दिसणारी पट्टी ठेवा, थराची सुरुवात आणि शेवट तिच्यावर नोंदवा. हेपरिनचा परिणाम टिकून आहे ना, हे एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) पाहून आधीच ठरलेलं असावं. कॅथेटर धमनीत असताना ती शोधाशोध नको.

प्रश्न : ‘आयव्हसमध्ये गोल कॅल्शियम दिसलं’ म्हणून डॉक्टरांनी ठरलेला बेत बदलला. असं का?

कॅल्शियम चकचकीत पांढरं दिसतं आणि त्याच्या मागे काळी सावली पडते, कारण ध्वनिलहरी पलीकडे जातच नाहीत. ते वर्तुळाचा किती भाग व्यापतं हे अंशांत मोजतात. ९० अंश असेल तर फुगा उरलेल्या मऊ बाजूने जागा करून घेतो. २७० ते ३६० अंश म्हणजे दगडी बांगडीच. फुगा पूर्ण उघडत नाही किंवा एकाच जागी भिंत फाडतो, आणि औषध लावलेल्या फुग्यातलं औषधही भिंतीत नीट मुरत नाही. मग आधी ध्वनिधक्क्यांनी कॅल्शियमला तडे पाडणारा फुगा किंवा थर खरवडणारं उपकरण वापरतात.

मात्र खरवडण्यापूर्वी वायर खऱ्या पोकळीतच आहे ना, हे त्याच चित्रात पाहावं लागतं. पूर्ण बंद ब्लॉक ओलांडताना वायर भिंतीच्या थरांत शिरू शकते. तेव्हा मूळ पोकळी शेजारी चेपलेल्या चंद्रकोरीसारखी दिसते. तिथे खरवडणं म्हणजे धमनीला भोक पाडण्याची जोखीम.

प्रश्न : याने निकाल खरंच सुधारतो, की नुसतं आणखी एक यंत्र?

मांडी ते गुडघ्यामागच्या धमनीपुरता पुरावा चांगला आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका केंद्रावरच्या १५० रुग्णांच्या चाचणीत (२०२२) आयव्हस वापरलेल्या गटात ७२.४ टक्के जणांची धमनी वर्षभर पुन्हा अरुंद झाली नाही. फक्त अँजिओग्राफीवर काम झालेल्या गटात ५५.४ टक्के. पुन्हा उपचार करावे लागण्यात मात्र फरक सिद्ध झाला नाही. दक्षिण कोरियात औषधी फुग्याच्या २३७ रुग्णांवरच्या चाचणीत (२०२४) वर्षाअखेर धमनी मोकळी असण्याचं प्रमाण ८३.८ विरुद्ध ७०.१ टक्के आलं, आणि तिथे पुन्हा उपचारही कमी लागले.

आमच्या मते हा फायदा कॅथेटरचा नाही, मोजून बदललेल्या निर्णयाचा आहे. आयव्हस करूनही आधीच काढून ठेवलेला ५ चाच फुगा वापरायचा असेल, तर तपासणी टाळलेली बरी. फुगवून झाल्यावरची दुसरी फेरीही तितकीच गरजेची : किती जागा झाली, थर किती अंशांत फाटला, स्टेंट भिंतीला टेकला का.

प्रश्न : आईची किडनी कमजोर आहे. डायऐवजी हेच चालेल?

डाय बराच कमी करता येतो, कारण मापं आणि ब्लॉकची दोन्ही टोकं आयव्हसवर ठरतात. पूर्ण टाळणं अवघड. पावलापर्यंत रक्त किती जोमाने पोचतंय, एखादी गुठळी खाली निसटली का, हे गोल कापात कळत नाही. मांडीपर्यंतच्या भागासाठी कार्बन डायऑक्साइड वायू सोडून चित्र घेतात आणि शेवटी पावलापुरता थोडा डाय देतात. क्रिएटिनिन आणि ईजीएफआर या किडनीच्या चाचण्यांचे ताजे आकडे घेऊन जा आणि डायची कमाल मर्यादा किती ठरवली आहे, हे प्रक्रियेआधीच विचारा.